गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं नाही

जगदेवनं विहीर उपसायला घेतली तेव्हा वावरात वांगी ऐन भरात होती आणि विहिरीत जेमतेम दीड पुरुष पाणी होतं. मार्च महिन्यात असं पाणी कुणी शहाणा माणूस उपसत नाही. बांधावरून जाणाऱ्या एकानं विचारलंच, "काहून गा जगदेव, काय पडलं?"

"बादली पडली," जगदेव म्हणाला.

एका बादलीपायी कुणी विहीर कोरडी करत नाही. पण त्या माणसानं पुढं काही विचारलं नाही, कारण खरं काय पडलंय ते त्याला ठाऊक होतं. गाव लहान आहे आणि फोन घरोघरी आहेत.

विहिरीत फोन पडला होता. पडला कसला, दोन दिवसांपूर्वी जगदेवनंच तो फेकला होता.

जगदेव मनाचा वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं, पुढं ते सांगायला जागा राहणार नाही. जऊळक्याजवळ दीड एकर वावर, त्यात सगळा भाजीपाला. मालेगावला रस्त्याच्या कडेला दुकान, म्हणजे एक ताडपत्री, सहा क्रेट आणि काटा. धंद्याचा त्याचा एकच मंत्र होता, गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं नाही. आपल्याकडची कोथिंबीर संपली तर शेजारच्या ताडपत्रीवरून उसनी आणून द्यायचा. पोरीलाही त्यानं हेच शिकवलं होतं.

पोरगी संस्कृती, सातवीतली. बोलायला इतकी चुरचुरीत की बापाला तिचं कोण कौतुक. मागच्या दिवाळीत ती क्रेटपुढं उभी राहिली, वांगं माईकसारखं तोंडाशी धरलं आणि म्हणाली, "मालेगाववाले हो, काटेरी वांगे घ्या, भाजी झाली नाई चांगली तं मले येऊन भांडा!" जगदेवनं त्याचा व्हिडिओ काढून नेटवर टाकला आणि खाली ऑर्डरसाठी नंबर दिला. चाळीस हजार लोकांनी पाहिला. जगदेव आठवडाभर जमिनीवर नव्हता.

तो नंबर घरातल्या मोठ्या फोनचा. बाजारात मातीचे हात, म्हणून जगदेव स्वतः बटनांचा साधा फोन वापरायचा. मोठा फोन घरी, संस्कृतीजवळ, कारण शाळेचा अभ्यासही त्याच्यावरच यायचा. म्हणजे ऑर्डरी घ्यायला बसली कोण, तर बारा वर्षांची पोर. तिनं गिऱ्हाइकांचा ग्रुपही काढला. रोज सकाळी ताज्या भाजीचे फोटो टाकायची, ज्याला जे हवं ते वहीत लिहायची. बघता बघता ग्रुपात दोनशे माणसं झाली. त्यांत कोण कुठला, हे पाहायला कुणाला सवड होती? दुकानाला दार नसावं, असं जगदेव म्हणायचा. त्याच्या ग्रुपालाही नव्हतं.

जानेवारीत शाळेत राधिका मॅडमनं आईबापांना बोलावलं होतं. पोरांचे फोटो कुठंही टाकू नका, अनोळखी माणसाशी त्यांना बोलू देऊ नका, पोर काही सांगायला आलं तर हातातलं काम टाकून ऐका, असं सगळं मॅडमनं सांगितलं. जगदेवचा बाजार होता, म्हणून त्याची बायको मंजुषा एकटीच गेली. संध्याकाळी तिनं नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो हसला.

"मॅडमले काय वं, त्याहिले थोडी भाजी इकाची हाये!"

मंजुषानंही मग विषय सोडला. विक्री वाढली होती आणि वाढत्या विक्रीत कुणाला शहाणपण आठवत नाही.

परवा दुपारी जुनं गिऱ्हाईक शालिग्रामजी ताडपत्रीशी आले. त्यांनी भाजीला हात लावला नाही. जगदेवला बाजूला घेतलं, स्वतःचा फोन त्याच्यापुढं धरला आणि मान वळवून उभे राहिले. ग्रुपावर कुणीतरी एक फोटो टाकला होता. चेहरा संस्कृतीचा, खालचं सगळं भलत्याच कुणाचं, जोडून केलेलं. टाकणारा ग्रुपातून केव्हाच पसार झाला होता. बाकी दोनशे जण होते, आणि त्यांनी पाहिला होता.

जगदेवनं क्रेट तसेच टाकले आणि गाडी हाणत घरी आला. एक शब्द विचारला नाही. पोरीच्या कानाखाली हाणली, तिच्या हातातला फोन हिसकला आणि विहिरीत भिरकावला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. पोरगी रडलीसुद्धा नाही. गाल धरून बापाकडं नुसती पाहत राहिली, आणि तेव्हापासून घरात कुणाशी बोलली नव्हती.

आज सकाळी राधिका मॅडम आपणहून आल्या. तो फोटो वर्गातल्या पोरांपर्यंत पोचल्याचं त्यांना कळलं होतं. त्यांनी आधी पोरीला जवळ घेतलं, मग जगदेवला म्हणाल्या, "दादा, पोरीचा काईच गुन्हा नाई. कायदा तिच्या बाजूनं हाये. आजच तक्रार करू, मी येतो संगं. तो मानूस तिच्याशी काय बोलला, काई धमकी देल्ली का, ते फोनमंदी असंन. फोन कुठी हाये?"

जगदेवनं विहिरीकडं पाहिलं.

विहिरीवरची मोटार सुरू झाली ती त्यानंतर. या आठवड्यात शेताची लाइन, म्हणजे वीज, दिवसाची होती, तेवढं एक नशीब. चार तास पाणी उसळत राहिलं, दांडानं, म्हणजे वावरातल्या पाटानं, वाहत वांग्यात शिरलं आणि वाफे भरून डबकं झालं. मोटार वारा खायला लागली तशी जगदेवनं ती बंद केली आणि दोर धरून खाली उतरला.

तळाशी गुडघाभर गाळ होता. तो वाकून दोन्ही हातांनी चाचपत होता. माणूस विहिरीच्या तळाशी एकटा असला की नको ते आठवतं. त्याला एक मंगळवार आठवला. काट्यापुढं गर्दी होती, खिशातला साधा फोन वाजला, आणि संस्कृतीचा आवाज आला होता.

"बाबा, एक काका माहा फोटो मांगून राह्यले. भाजीचा नाई, माहा. धाडू का?"

आणि काट्यावर वजन टाकता टाकता तो म्हणाला होता, "मंग धाड ना. गिऱ्हाईकच हाये, खाऊन थोडी टाकते? कायले इचारतं येवढं?"

तिनं विचारलं होतं. पोरीनं विचारलं होतं, अगदी स्पष्ट विचारलं होतं, आणि त्यानं हो म्हटलं होतं. उलट त्याला बरंच वाटलं होतं तेव्हा, आपल्या पोरीला लोक ओळखतात म्हणून. शाळेच्या गणवेशातला फोटो तिनं पाठवला असणार, नाहीतर तिच्याजवळ दुसरा होता कुठला. तो पुन्हा वाकला आणि गाळ चाचपू लागला. तेवढ्यात बोटांना फोन लागला.

वर आल्यावर मॅडमनं तो पुसला, दाबून पाहिला, उलटा केला. आतून गढूळ पाणी गळलं. त्यांनी तो पिशवीत ठेवला.

"हा चालते का नाई, सांगता येत नाई," त्या म्हणाल्या. "आता पोरीनं सांगतलं तेच खरं. संस्कृती, बेटा, भेऊ नको. त्या मानसानं फोटो मांगला तवा तू कोनाले सांगतलं होतं का?"

संस्कृतीनं मान वर केली. मॅडमकडं नाही, बापाकडं पाहिलं. दोन दिवसांत पहिल्यांदा तिचं तोंड उघडलं.

"बाबा, सांगू का?"

मंजुषाला यातलं काहीच कळलं नाही. ती म्हणाली, "त्याहिले काय इचारतं? सांग ना!" पण पोरगी बापावरची नजर काढेना. जगदेवला सगळं कळलं. तिनं मार खाल्ला होता आणि त्याचं नाव घेतलं नव्हतं. आता ती सांगेल, तक्रारीत ते उतरेल, ठाण्यात वाचलं जाईल, गावात होईल. बापानंच धाड म्हटलं. एक 'सांग' म्हणायचं होतं. सबंध जन्म गिऱ्हाइकांना हो हो म्हणण्यात गेलेला हा माणूस, पोटच्या पोरीपुढं मूग गिळून उभा राहिला. पायांवरचा गाळ वाळत होता आणि तो त्याच्याकडंच पाहत होता.

संस्कृतीनं त्याच्यावरची नजर काढली. मग ती मॅडमकडं वळली.

"मले काई आठोत नाई, मॅडम."

"नीट आठव बेटा. कोनालेच नाई सांगतलं?"

"कोनालेच नाई. माहीच चुकी हाये."

मॅडमनं पुन्हा दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तिनं तेच उत्तर दिलं, पाठ केलेल्या धड्यासारखं. मॅडमनं हातातली वही मिटली, उद्या पुन्हा येते म्हणाल्या आणि मंजुषाला घेऊन घराकडं गेल्या.

वावरात दोघंच उरली. वांग्याची झाडं पाण्यात उभी होती. संस्कृतीनं कुदळ उचलली.

"बाबा, वांगे बुडून राह्यले. पानी काढाले दांड फोडू का?"

"फोड," जगदेव म्हणाला.