बाराव्या पानावरचे मृत्यू

"बाराव्या पानावर कोणीतरी मेलंच पाहिजे. लिहून घ्या." पटकथेच्या वर्गातले सर असं म्हणत फळ्यावर बाराचा आकडा काढायचे आणि त्याला तीनदा गोल करायचे. शेजारच्या खोलीत मी टायपिंग करत असे. तो करकरणारा खडू अजून कानातून गेलेला नाही.

कोणाची निंदा करायची नाही, हे माझं रोजचं व्रत. म्हणून घडलं तेवढंच सांगते. त्या वर्षी दहा पटकथा टाइप केल्या आणि दहांतही बाराव्या पानावर कोणी ना कोणी गेलं. सहा आया, दोन बाप, एक न्यायाधीश आणि एक कुत्रा. खुद्द सरांची पटकथाही माझ्याकडेच होती. चौदा वर्षांत तिची सात पानं झाली होती, त्यामुळे तिच्यात सगळे सुखरूप होते.

अकरावी पटकथा माझ्या भाचीची, दादाच्या मुलीची. दादाने जन्मभर पाण्याच्या टाकीवर झडपा उघडल्या. एका पहाटे बाळंतिणीच्या घरासाठी त्याने गल्लीला पाळी नसताना पाणी सोडलं आणि साहेबाची बोलणी खाल्ली. तिच्या पटकथेची गोष्ट एवढीच. सर म्हणाले, ही पटकथा नाही, तक्रारवही आहे. बापाला टाकीत बुडव, मग निर्मात्याला दाखवतो. पोरगी दोन दिवस जेवली नाही, तिसऱ्या दिवशी तिने बापाला बुडवला.

दादाला आता दिसत नाही. येत्या रविवारी सगळं वाचून दाखवीन, असा तिने त्याला शब्द दिला होता. त्या रविवारी सकाळी ती टाइप केलेली प्रत न्यायला आली.

"बुडण्याचा प्रसंगही वाचणार का गं?" मी हळूच विचारलं.

"तेवढं पान गाळीन, आत्या."

"आणि पुढची नव्वद? त्यांत तो नाहीच."

तेवढ्यात सर दारात आले. निर्माता उद्या येणार, प्रत आत्ताच द्या, नाहीतर विसरा, असं त्यांनी ऐकवलं.

"सर, बाबा जिवंत आहेत हो," ती म्हणाली. "जेवायचे थांबलेत माझ्यासाठी."

"तोच तर पहिल्या वहीतला दोष होता."

भाचीने वाद घातला नाही. नवी प्रत रद्दीच्या टोपलीत नीट ठेवली, फेकली नाही. माझ्या कपाटातून तिने आपल्या हाताने लिहिलेली पहिली वही घेतली, चपला घातल्या आणि आवाज न करता जिना उतरू लागली.