कोंडीरामतात्यांच्या चपला

मथुराबाईंनी कॅमेऱ्याचा पट्टा धरला तो सोडेचनात. पट्टा चारुशीलाच्या मानेत अडकलेला, त्यामुळं तिला वाकूनच उभं राहावं लागलं. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, पाया पडतेय.

"कुणासाठी काढायलीस फोटू? बोल की!"

"कुणासाठी नाही हो मावशी. आमची फोटोफेरी आहे. बाकीचे पुढं गेलेत."

"आन तू मागं राहून लोकांची दारं मोजायलीस व्हय?"

सकाळी धाराशिवच्या दर्ग्यापासून सगळे मिळून निघाले होते. बांगड्यांची दुकानं, कल्हईवाला, लिंगायतांचा मठ, पलीकडं जैन मंदिर. 'चेहरे टिपा,' असं फेरी नेणाऱ्या शिवानंद सरांनी बजावलं होतं. पण समोरचं माणूस आपल्याकडं बघायला लागलं की चारुशीला कॅमेरा खाली घ्यायची. म्हणून ती दारांचे फोटो काढायची. दारं काही म्हणत नाहीत, असा तिचा आजपर्यंतचा समज होता.

आरडाओरडा ऐकून चौकातून माणसं आली. सगळ्यांच्या पुढं बजरंग टेलर, गळ्यात टेप तसाच. तिच्याभोवती कडं कधी झालं, तिला कळलंच नाही. चोर आधी घरांचे फोटो काढून नेतात, असा मेसेज आठवडाभर गावात फिरत होता. तो तिलाही आला होता. तिनं तो चार जणींना पुढंही पाठवला होता.

"कॅमेरा दाखवा ताई," बजरंग म्हणाला.

तिनं दाखवला. बटण दाबताना अंगठा दोनदा घसरला. पडद्यावर एक कुलूप आलं. मग दुसरं. मग गंजलेलं, मग नवंकोरं पितळी. या गल्लीतली निम्मी घरं पोराबाळांच्या मागं पुण्याला गेलेली. दारांवर राहिलेली ही कुलपं तिला सुंदर वाटली होती. आता तिलाच ती बघवेनात.

"कुलपंच कुलपं की हो!" मागून कुणीतरी म्हणालं. "पोलिसांना फोन लावा."

"पुढं घ्या," बजरंग म्हणाला.

शेवटचा फोटो मथुराबाईंच्या दाराचा होता. निळं दार, सडा घातलेली ओली पायरी आणि पायरीच्या कडेला पुरुषाच्या जाड कातडी चपला. बजरंगनं फोटो मोठा केला. चपलांवर धुळीचा थर होता. एका चपलेच्या अंगठ्यापासून भिंतीपर्यंत कोळ्याचं जाळं ताणलेलं. नुसत्या डोळ्यांना ते दिसलं नव्हतं, कॅमेऱ्यानं बरोबर टिपलं होतं.

"कोंडीरामतात्यांच्या ह्या," बजरंग हळूच म्हणाला.

त्यानं कॅमेरा दोन्ही हातांनी परत केला. "जावा ताई. पुन्हा एकट्या येऊ नका." आणि माणसांकडं वळून, "चला, कामं न्हाईत का?"

पांगापांग झाली. पट्टा मात्र अजून मथुराबाईंच्याच मुठीत होता.

"मालक गेले तवापासनं ठिवल्यात," मथुराबाई म्हणाल्या. "घरात गडी मानूस हाय, असं वाटावं येणाऱ्या-जाणाऱ्याला. गल्लीला ठावं हाय. बाहेरच्यास्नी न्हाय. आता तुझा फोटू कुठं कुठं जाईल?"

"कुठंच नाही." चारुशीलानं त्यांच्यासमोर फोटो पुसला. मग खाली बसून ओढणीच्या टोकानं चपला पुसल्या. जाळं बोटाला चिकटून आलं.

तेवढ्यात मोटारसायकल आली. मागं चटया आणि चादरींचा गठ्ठा, चालवणारा अनोळखी. त्यानं दारापाशीच गाडी बंद केली. डावीकडचं कुलूप बघितलं, उजवीकडचं बघितलं. चौकातून बजरंगच्या मशीनचा आवाज येत होता, पण तो चौक आता फार लांब वाटत होता.

"आजी, एकट्याच ऱ्हाता का हितं?"

मथुराबाईंनी मूठ आवळली. पट्टा पुन्हा ताणला गेला.

चारुशीला उठली. तिनं दारातून आतल्या अंधारात तोंड घातलं.

"काका, चटईवाला आलाय. घ्यायची का?"

आत भिंतीवरचं घड्याळ तेवढं वाजत होतं. म्हाताऱ्या माणसाला घसा खाकरून उत्तर द्यायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ ती थांबली. मान हलवली.

"नको म्हणतायत."

चटईवाल्यानं चपलांकडं बघितलं. "बरं," म्हणाला आणि किक मारली. वळणावर त्यानं एकदा मागं पाहिलं. साधा चटईवाला असेलही. आवाज पूर्ण विरेपर्यंत दोघी जागच्या हलल्या नाहीत.

मग मथुराबाईंनी पट्टा सोडला. वाकून एक चप्पल जराशी तिरकी केली, आत्ताच कुणी घाईनं काढून आत गेल्यासारखी. उंबऱ्यात उभं राहून त्यांनी आत तोंड केलं. आवाज चौकापर्यंत जाईल इतका चढवला.

"अवो, पाव्हनी आलीया! च्या ठिवते."