एक ठोका थांबा, दोन ठोके चला

मित्रांनो, त्या उंबराच्या फांदीला साखळीने टांगलेली वाकडी, गंजकी लोखंडी रिंग दिसते ना, ती मी. गेली कित्येक वर्षे मी या शाळेची घंटा आहे. एकदा माझ्याच आवाजामुळे एका पोरीचा जीव जाणार होता. तीच गोष्ट मला सांगायची आहे. पण आधी मी कोण, कुठली ते ऐकून घ्या, नाहीतर पुढचे कळायचे नाही.

जन्माने मी घंटा नाही. एका कारखान्यात मला ठोकून-दाबून गोल केले. तिथले फारसे आठवत नाही. फार उकडत होते, एवढेच आठवते. मग किसुमू शहरात येऊन मी एका मटाटूच्या मागच्या चाकात बसले. आमच्याकडची ही प्रवासी गाडी असते चौदा माणसांची, पण विसांच्या खाली हलत नाही. आमच्या गाडीच्या पाठीवर मोठ्या अक्षरात ‘सावकाश’ असे रंगवले होते आणि तिच्याइतकी सुसाट गाडी त्या रस्त्यावर दुसरी नव्हती.

गाडीत गाणी इतक्या जोरात लागलेली असत की कंडक्टरने घसा फोडला तरी ड्रायव्हरला ऐकू जात नसे. म्हणून कंडक्टर दाराला लटकून पत्र्यावर हात आपटायचा. एक ठोका म्हणजे थांब. दोन ठोके म्हणजे चल. आणि न थांबता धडाधड ठोके पडले, तर चाकाखाली कुणीतरी येते आहे, आहे तिथे ब्रेक दाब! मी चाकातच बसलेली, त्यामुळे तो तिसरा इशारा ऐकला की माझे लोखंडसुद्धा गार पडायचे.

पुढे एका खड्ड्याने मला वाकवले. वाकड्या चाकाला कोण विचारतो? गॅरेजमागच्या भंगारात मी पडून राहिले. एक कोंबडी माझ्यात अंडी घालायची, तेवढीच काय ती सोबत. तिथून मला उचलले रिस्पाबाईंनी.

रिस्पाबाई आधी मोठ्या शाळेत शिकवायच्या. तिथे पोटुशा मुलींची नावे कापत, मारामारी करणाऱ्यांना घरी पाठवत. बाईंना ते पटेना. शेवटी त्यांनी नोकरीवर पाणी सोडले आणि सरोवराकाठच्या वस्तीत दोन पत्र्याच्या खोल्यांची ही शाळा काढली. ‘उद्यापासून येऊ नकोस’ असे ज्यांना आधीच्या शाळेने सांगितले, त्यांच्यासाठी. सकाळी गणित आणि भाषा, दुपारी शिवण, सुतारकाम, इंजिनाची दुरुस्ती. पाठीला बाळ बांधून मुली फळ्यावरची गणिते सोडवत. काल रात्री कुठे होतास, असे कुणी कुणाला विचारत नसे. आणि काहीही झाले तरी या शाळेतून कुणाचे नाव काढायचे नाही, हा बाईंचा कायदा होता.

वस्तीला मात्र या पोरांची धास्ती वाटायची. कुणाची कोंबडी हरवली, कुणाची दोरीवरची चादर गेली, की पहिले बोट आमच्याकडे. ‘चोरांची शाळा’ हेच आमचे नाव पडले होते. ते नाव पाडले होते विल्किस्ता आजीने. ही आजी आमच्या कुंपणाला खेटून मासे तळायची. आमच्याकडे मुलीला, लग्नानंतरही, तिच्या माहेरच्या गावाच्या नावाने हाक मारतात. ‘न्यार’ म्हणजे लेक. विल्किस्ताचे माहेर उयोमाचे, म्हणून सगळी वस्ती तिला ‘न्यार उयोमा’ म्हणायची. तिची जीभ तिच्या कढईतल्या तेलासारखी होती, जवळ जाईल त्याला चटका बसायचाच.

आता एक वाईट गोष्ट सांगते. आमच्या वस्तीत लोखंडावर घाईघाईने, न थांबता ठोके पडले की त्याचा अर्थ एकच: चोर! मग हातातले काम टाकून, जे सापडेल ते घेऊन माणसे धावतात. मी नवीन टांगलेली असताना कुणीतरी मला तसे बडवले होते. एक अनोळखी माणूस समोरच्या गल्लीत गर्दीच्या हाती सापडला. तो परत उठला नाही. त्याने काही चोरले होते की नाही, हे नंतरसुद्धा कुणी विचारले नाही. त्या दिवसापासून बाईंनी सक्त ताकीद दिली होती, घंटा सावकाश वाजवायची. ठोका, दम, ठोका, दम.

अकेयो आली ती अशा शाळेत. सोळा वर्षांची, उंच, काटक, एका भुवईवर जुनी खोक. मोठ्या शाळेने काढल्यावर ती मटाटूवर कंडक्टर झाली होती. एका प्रवाशाची पिशवी गेली, ड्रायव्हरने तिच्याकडे बोट दाखवले आणि गाडीतळावरच्या लोकांनी तिला दगड मारले. पिशवी नंतर सीटखाली सापडली. खोक तेवढी राहिली.

पहिल्याच दिवशी विल्किस्ताने कुंपणावरून तिला हटकले.

“काय गं, कुठली न्यार तू?”

“कुठलीच नाही. बाप दारात उभं करत नाही.”

“मग काय आभाळातून पडलीस?”

“गाडीतून पडले, आजी. तुझ्या माशांचा वास आला नि तोल गेला.”

“जिभेला हाड नाही पोरीच्या! माझ्या टोपलीपासून चार हात लांब राहायचं, सांगून ठेवते. चोरांच्या शाळेतली माणसं मी ओळखून आहे.”

अकेयो हसली, पण तिचा हात भुवईवर गेला. मला वरून सगळे दिसते.

ती रोज उशिरा यायची. आणि जो सगळ्यांत उशिरा येतो त्याच्याकडे घंटा सोपवायची, ही रिस्पाबाईंची युक्ती. त्यामुळे चौथ्या दिवसापासून माझा पाना अकेयोच्या हातात आला. पाना म्हणजे मला ठोकायचा लोखंडी पाना, तो बुंध्याला अडकवलेला असे. तिने मला निरखून पाहिले आणि ओळख पटल्यासारखी पाठीवर थाप मारली. मग वर्गात जायच्या वेळी दोन ठोके दिले, आणि तास संपल्यावर एक.

“अगं, ही शाळा आहे की गाडीतळ?” बाई बाहेर येऊन ओरडल्या.

“बाई, दहा-दहा ठोके कशाला? एक थांबा, दोन चला. ड्रायव्हरच्या टाळक्यात एवढं शिरतं, तर या पोरांच्या शिरणार नाही?”

पोरे खो खो हसली. बाईंनाही हसू आवरेना. तेव्हापासून आमची घंटा तशीच वाजू लागली. कितीतरी वर्षांनी मला माझी भाषा बोलणारे कुणी भेटले होते. मला किती बरे वाटले, काय सांगू!

आणि मग तो दिवस आला.

मधली सुट्टी संपत आली होती. अकेयो पाना घेऊन माझ्याखाली उभी होती. कुंपणापलीकडे एका घराचे बांधकाम चालले होते, तिथे वाळूचा ट्रक मागे मागे येत होता. आणि ट्रकच्या मागच्या चाकाच्या वाटेत विल्किस्ताचा नातू, अजून नीट बोलताही न येणारा ओमोलो, फतकल मारून वाळूत डबा भरत बसला होता. आजीची त्याच्याकडे पाठ होती. कढई चरचरत होती.

अकेयोने हाक मारली. इंजिनाच्या घरघरीत ती कुठल्या कुठे गेली. कुंपण ओलांडून पोचेपर्यंत चाक मुलावरून गेले असते. तिने विचार केला नाही. कंडक्टरचा हात आपोआप उठला आणि माझ्यावर धडाधड, धडाधड, न थांबता बरसू लागला.

मी जिवाच्या आकांताने ओरडले. थांब! चाकाखाली कुणीतरी आहे!

ट्रकवाला जुना मटाटूवाला होता. आवाज कानावर पडताच त्याने ब्रेकवर पाय दिला. ट्रक हिसका खाऊन थांबला. ओमोलोच्या डब्यावर चाक चढले होते, आणि ओमोलो त्या चाकाला हात लावून बघत होता.

पण मित्रांनो, वस्तीने माझ्या ओरडण्यातले वेगळेच ऐकले.

“चोर! चोर! शाळेत चोर!”

गल्ल्यागल्ल्यांतून माणसे फुटली. कुणाकडे काठी, कुणाकडे दगड, कुणाच्या हातात तर भाजीचा सुरा तसाच. सगळ्यांच्या पुढे ओगुटू होता, भाड्याची मोटारसायकल चालवणारा दांडगा गडी. त्यांनी काय पाहिले? चोरांच्या शाळेतली एक पोर, हातात लोखंडी पाना, श्वास फुललेला.

अकेयोने त्यांना पाहिले आणि पाना टाकून ती पळाली. पळू नको गं, असे मी म्हणत होते, पण घंटेचे न बोललेले कोण ऐकणार? तळावरचे दगड तिला आठवले असणार.

“पळतेय बघा! हीच ती! धरा!”

फाटकाशी तिची वाट अडली. ती मागे फिरली आणि बरोबर माझ्याखाली, उंबराच्या बुंध्याला पाठ लावून उभी राहिली. रिस्पाबाई धावत आल्या आणि हात पसरून तिच्यापुढे उभ्या ठाकल्या.

“माझ्या मुलीला हात लावायचा नाही! काय चोरलं तिनं? सांगा, काय चोरलं?”

“सरका बाई! तुम्हीच लाडावून ठेवलेत हे चोर!”

मागून एक दगड आला आणि बाईंच्या कपाळावर बसला. रक्त पाहून गर्दी आणखी चेकाळली. ट्रकवाला मागून काहीतरी ओरडत होता, पण त्याच्याकडे लक्ष कोण देतो! ओगुटूने मोठा धोंडा दोन्ही हातांनी उचलला. मला तो गल्लीतला माणूस आठवला. पुन्हा माझ्याच आवाजाने, पुन्हा तसेच. लोखंडाला रडता येत असते तर मी तेव्हा रडले असते.

तेवढ्यात गर्दीला कोपराने ढकलत विल्किस्ता आत घुसली. कडेवर ओमोलो होता, अंगभर वाळू. बोलून उपयोग नाही, हे बाजारात बसणाऱ्या बाईला कळते. तिने खाली पडलेला पाना उचलला आणि सगळे बळ एकवटून मला एकच ठोका दिला.

टण्ण!

गर्दीत निम्मे गाडीवाले. कंडक्टर, ड्रायव्हर, मोटारसायकलवाले. उरलेल्यांनी आयुष्य गाड्यांमध्ये बसून काढलेले. डोक्यांना काही कळायच्या आत पाय थांबले. ओगुटूचा धोंडा हवेतच राहिला.

पण ठोका इतका जबर होता की मी साखळीवर गरागरा झोकांडले. माझी कड उंबराच्या बुंध्यात ठोकलेल्या लोखंडी खिळ्याकडे चालली होती. तिथे आपटले असते तर दुसरा आवाज झाला असता. आणि दोन म्हणजे चला! मला स्वतःला आवरता येत नव्हते. तेव्हा बाईंच्या पाठीमागून दोन हात वर आले आणि त्यांनी मला घट्ट धरले. अकेयोचे हात. तिने मला सोडले नाही. दुसरा ठोका पडला नाही.

मग विल्किस्ता म्हणाली, “हा बघा. नीट बघा. हा माझा ओमोलो. ट्रकच्या चाकाखाली होता. हिनं हाणलं म्हणून तो ट्रक थांबला. आणि तुम्ही हिला मारायला आलात?”

“तिनं वाजवलं म्हणून तर आलो,” कुणीतरी पुटपुटले.

“मग पळाली कशाला?” ओगुटूने विचारले. धोंडा अजून त्याच्या हातातच होता.

“तुम्ही आलात म्हणून,” अकेयो म्हणाली.

ट्रकवाला आता पुढे आला होता. त्याच्या हातात तो चेपलेला डबा होता. त्याने तो ओगुटूपुढे धरला आणि मान खाली घातली. ओगुटूने धोंडा हळूच खाली ठेवला आणि त्याच्यावरच बसला.

“पोर आहे तरी कुठली?” एका म्हाताऱ्याने विचारले. आमच्यात भांडण मिटताना हा प्रश्न येतोच. “कुठली न्यार?”

अकेयोचा हात पुन्हा भुवईवर गेला. तिला सांगण्यासारखे गाव नव्हते.

“न्यार स्कूल,” विल्किस्ता म्हणाली. “शाळेची लेक. आणि पुन्हा कुणी हिला हात लावला, तर उयोमाची लेक काय चीज आहे ते दाखवीन.”

मग ती अकेयोकडे वळली. “चार हात लांब राहा म्हटलं होतं ना मी? ये आता. मासा खा आधी. काय वाळकी काटकी झालीस.”

बाईंनी बाहीने कपाळावरचे रक्त पुसले. त्या म्हणाल्या, “मासा नंतर. तासाची वेळ झालीय. अकेयो, घंटा.”

अकेयोने दोन ठोके दिले. पोरे वर्गात गेली, आणि गंमत म्हणजे ती सगळी गर्दीही मुकाट्याने वळून चालू लागली.

मित्रांनो, आता वर्गाच्या भिंतीवर विजेची घंटा बसली आहे. ती किरकिर करते, पण वेळेवर करते. मला कुणी रोज वाजवत नाही, माझ्यावर गंज चढतो. इंजिनाचा वर्ग हल्ली अकेयोच घेते. ती अधूनमधून वापरलेले तेल माझ्यावरून फिरवते आणि पाठीवर तशीच थाप मारते. मला तेवढे पुरे. माझे ऐकायचे असेल तर एकच ऐका. लोखंडाला स्वतःचे मन नसते, ज्याचा हात त्याचा आवाज. कुठे असा गलका उठला तर धावा, जरूर धावा, कदाचित एखादे मूल चाकाखाली असेल. पण हातात दगड घ्यायच्या आधी मनाला एक ठोका द्या आणि विचारा, ही कुणाची लेक?