'आलेच' म्हणून गेलेल्या आईचा सिनेमा

मी एक जुना सिनेमा आहे, मित्रांनो. पत्र्याच्या डब्यातली चार रिळं, एवढाच माझा संसार. माझ्या अंगाला आंबूस वास येतो हे मला ठाऊक आहे, पण खरी शिसारी कशाची येते ते मी सांगतो.

सॅन अँटोनियोच्या पश्चिम भागात मारिक्रूझने मला घडवलं. कॅमेरा उसना, जागा लाँड्रीची मागची खोली, आणि आईच्या भूमिकेत तिची मावशी ओफेलिया. कथा मावशीच्याच आईची होती. लहानग्या ओफेलियाला "आओरिता" म्हणून आई कामावर गेली. कारखान्यातून मिग्रावाल्यांनी, म्हणजे कागदपत्रं नसलेल्यांना पकडणाऱ्या सरकारी माणसांनी, तिला धरून सीमेपार नेऊन टाकलं, आणि लेकीकडे परतताना ती सीमेवरच्या नदीत बुडाली. गल्लीने मात्र ती कुणाचा तरी हात धरून पळाली असं ठरवून टाकलं. ते टोमणे मावशीने जन्मभर गिळले. आईवरचा डाग पुसला जावा, एवढंच तिला माझ्याकडून हवं होतं.

आओरिता म्हणजे 'आत्ता'. पण आमच्याकडे तो तुमच्या 'आलेच'चा सख्खा भाऊ. तासाभराने, उद्या, देवाच्या मनात असेल तेव्हा. मोठ्या महोत्सवात मात्र खालच्या इंग्रजी ओळीत लिहिलं गेलं, "एका मिनिटात परत येते." झालं! प्रेक्षकांनी तिला खोटारडी ठरवलं. नंतर फुलं खोचलेले इवलेसे टाको खात एक बाई म्हणाल्या, "किती अस्सल दारिद्र्य!" आणि बोटं चाटली.

मग आले वितरक व्हिटलॉकसाहेब.

"ही आई खोटं का बोलते? काहीतरी कारण हवं. एक ड्रग्जवाला प्रियकर टाकू, हिच्या हातात पिस्तूल देऊ. मग देशभर लावतो."

थू! आणि त्याहून वाईट म्हणजे मारिक्रूझ 'नाही' म्हणाली नाही. दारं ठोठावून ती थकली होती. ती मावशीच्या स्वयंपाकघरात गेली.

"मावशी, सिनेमा सगळीकडे लागेल गं. आपल्या इथंसुद्धा."

"आणि आई कुणाबरोबर जाणार त्यात?"

"एका ड्रग्जवाल्याबरोबर. फक्त सिनेमात."

"मग शेजारची चोना पहिल्या रांगेत बसेल बघ, पॉपकॉर्न घेऊन." मावशीने टॉर्टियाचा तवा खाली उतरवला. "पोरी, माझ्या आईला एकदा मिग्राने धरून नेलं. आता तू धरून देणार?"

मारिक्रूझने साहेबांना नकार कळवला आणि चर्चच्या हॉलमध्ये मला गल्लीसाठी लावलं. 'आओरिता' ऐकताच बायकांनी पदराशिवायच डोळे पुसले, खालची ओळ कुणी वाचलीच नाही. दिवे लागल्यावर चोना मावशीजवळ आली.

"मला माहीत नव्हतं गं."

"माहीत नसताना एवढं बोललीस! माहीत असतं तर काय केलं असतंस?"



त्यानंतर मला कुणी लावलं नाही. आता माझी फीत आकसते आहे, कुजते आहे. मित्रांनो, जुने सिनेमे थंड, कोरड्या जागी ठेवा, आणि विकण्यासाठी कुणाच्या आईला चिखल फासू नका. माझा डबा कधी हाती आलाच, तर नाक दाबून का होईना, उघडा. मी सडलोय खरा, पण आत एका बाईचं नाव स्वच्छ आहे.