तीन इंच

करवत लाकडातून आरपार निघाली, तुकडा पायाशी पडला आणि मास्तर तो बघायला खाली वाकले. तुळईवर खडूच्या दोन रेघा होत्या. त्यातली चुकीची पुसायची राहून गेली होती आणि नेमकी तिच्यावरूनच करवत चालली होती. बरोबर रेघ खाली पडलेल्या तुकड्यावर पांढरीशुभ्र दिसत होती. तुळई तीन इंच आखूड झाली होती.

मास्तर म्हणजे शिंपीकामाचे मास्तर. तीस वर्षं त्यांनी लोकांची मापं घेतली होती आणि दुकानात आलेल्या कापडाचा एक तुकडा कधी वाया घालवला नव्हता. त्यांचं घर उतारावर होतं. मागचं दार उघडलं की समोर कंबरभर खोल उतार, म्हणून ते दार वर्षानुवर्षं बंदच असायचं. तिथं लाकडी डेक, म्हणजे फळ्यांचा उघडा सज्जा, करायचा हे त्यांनी मोबाइलवरचे व्हिडिओ बघून ठरवलं, तेही एकट्यानं. समोरच्या सुतारानं आपणहून मदतीची तयारी दाखवली होती. मास्तरांनी त्याला हसून वाटेला लावलं. अख्ख्या गावाला कपडे बेतून देतो, चार तुळया मला बेतता येणार नाहीत होय, असं ते म्हणाले. त्यावर सुतार एवढंच बोलला होता,

"कापडात शिवणीला माया सोडता येते, मास्तर. लाकडात माया नसते."

आता त्याच सुताराकडे जाऊन काय सांगायचं? दुसऱ्या दिवशी रविवार. सगळ्यांना चहाला बोलावून झालं होतं. मास्तरांनी पडलेल्या तुकड्यातून जोड कापला, दोन्ही अंगांना पट्ट्या लावल्या, दहा-बारा खिळे ठोकले आणि वर फळ्या बसवल्या. सरळ सांगायचं तर लाकडाला ठिगळ लावलं. मग दाराशी उभं राहून तीनदा उड्या मारून बघितल्या. काही हललं नाही. पण मास्तर अंगानं काडीपैलवान. त्यांच्या उडीनं पत्र्याचा डबासुद्धा चेपला नसता. हे त्यांच्याही मनात येऊन गेलं. त्यांनी ते मनातून झाडून टाकलं आणि भुसा झाडायला घेतला.

रविवारी दहाच्या सुमाराला सगळे जमले. धाकटा भाऊ बायकोला घेऊन आला आणि आल्या आल्या त्यानं डेकचं 'मचाण' असं बारसं करून टाकलं. सुतारही आला, कठड्यावरून हात फिरवत एक चक्कर मारून आला. ताई सगळ्यांत शेवटी आली.

ताई मास्तरांहून नऊ वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा दोघा भावांचं नाक पुसण्यापासून पाठांतर घेण्यापर्यंत सगळं तिनंच केलं. अंगानं ती चांगली भरलेली होती आणि कुणी काही बोलायच्या आत स्वतःच स्वतःवर विनोद करून मोकळी व्हायची. रिक्षात बसताना म्हणायची, दुसरी सवारी घेऊ नका हो, मीच दोघी आहे. तिचे कपडे मास्तरच शिवत. दरवर्षी तिनं न सांगता ते शिवण थोडी सैल धरत. तिचं माप त्यांनी वहीत कधी लिहिलं नाही. ते त्यांच्या डोक्यात असे, दुसऱ्या कुणाला कळायचं कारण नव्हतं.

ताईनं दारातच चपला काढल्या आणि देवळात शिरावं तशी ती डेकवर आली. मास्तरांच्या बायकोचा हात धरून तिनं कठडा बघितला, फळ्या बघितल्या, पायऱ्या बघितल्या.

"एकट्यानं केलंय माझ्या भावानं," ती सुताराला म्हणाली. "लहानपणी याला साधा पतंग बांधता यायचा नाही. आणि आता बघा."

एवढं बोलून ती मास्तरांकडे वळली, आणि तिच्या पायाखाली कडाड आवाज झाला.

खालचा आधार सुटून फळी दुभंगली, ताईचा उजवा पाय मांडीपर्यंत खाली गेला. तिला वर काढायला तिघे लागले. घोटा भलत्याच बाजूला वळला होता. चेहरा पांढराफटक पडलेला, आणि तरीही खुर्चीवर बसवल्यावर ती पहिलं बोलली ते हेच,

"माझ्या वजनानं मोडलं रे. किती छान केलं होतंस."

धाकटा म्हणाला, मास्तरांनी मचाण माणसांसाठी बांधलं होतं, हत्तीचा विचार केलाच नव्हता. घाबरलेल्या माणसांना हसायला निमित्त हवंच असतं. सगळे हसले. ताईही हसली, ओठ दाबून. आणि मास्तर हसले.

सुतार तेवढ्यात खाली वाकला होता. त्यानं भगदाडातून आत बघितलं, उघडी पडलेली पट्टी बघितली, वाकलेले खिळे बघितले. उठून त्यानं मास्तरांकडे एकदा पाहिलं, हात झटकले आणि गाडी बोलवायला निघून गेला.

ताईच्या पायाला सहा आठवडे प्लास्टर होतं. मास्तर एक दिवसाआड तिच्याकडे जात, औषधं नेत, पाणी भरून ठेवत. दर वेळी ठरवून जात की आज सांगायचं. तिथं गेल्यावर ताई आधीच म्हणायची, तुझा डेक दुरुस्त झाला का रे, माझ्यामुळे तुला दुप्पट काम. मग मास्तर कळशी उचलून पाणी भरायला जात. डेक खरं तर आठवड्याभरातच दुरुस्त झाला होता. सुतारानं नवी तुळई आणली, स्वतः बसवली आणि जुनी परत नेली. त्यानं कुणाला काही सांगितलं नाही. त्याचं ते न सांगणं मास्तरांना थोबाडीत मारल्यासारखं लागलं.

प्लास्टर निघालं, ताई काठी घेऊन हिंडूफिरू लागली, पण ती बदलली होती. कुणाकडे गेली की खुर्चीवर बसायच्या आधी ती खुर्ची हातानं दाबून बघायची. मास्तरांकडे आली तर पुढच्या खोलीतच उभ्या उभ्या बोलून निघायची. आणि स्वतःवरचे विनोद तिनं बंद केले होते. धाकटा मात्र अजूनही हत्तीची गोष्ट प्रत्येक पाहुण्याला रंगवून सांगत होता.

एका दुपारी ती दुकानात आली. पिशवीतून चार ड्रेस काढून तिनं कापायच्या टेबलावर ठेवले.

"हे आत घ्यायचेत," ती म्हणाली.

मास्तरांनी टेप तिच्याभोवती धरला आणि आकडा वाचून त्यांचा हात थांबला. पाच इंच कमी. त्यांनी पुन्हा मोजलं. गळ्याची हाडं वर आली होती, बांगडी कोपरापर्यंत सरकत होती. रात्रीचं जेवण सोडलंय, तिनं सहज सांगितलं. सकाळीही एक पोळी. आणि मग लहान मुलीनं बक्षिसाची गोष्ट सांगावी तशी ती पुढे म्हणाली,

"आणखी थोडं उतरू दे. मग येईन हं मी तुझ्या डेकवर."

मास्तरांनी टेप गळ्यात अडकवला, परत काढला, गुंडाळायला लागले. गुंडाळी नीट बसेना. शेवटी त्यांनी तो टेबलावर टाकला.

"ताई, तुळई मी आखूड कापली होती."

तिला कळलं नाही. मग त्यांनी सगळं सांगितलं. खडूच्या दोन रेघा, तीन इंच, पट्ट्या, खिळे, सुताराकडे जायची वाटलेली लाज. तू नसतीस तरी दुसरं कुणीतरी पडलंच असतं, असंही म्हणाले. बोलताना ते ड्रेसच्या शिवणीकडे बघत होते.

ताईनं टेबलावरचा एक ड्रेस उचलून त्याची घडी घातली. बाहेर कुणीतरी गिऱ्हाईक डोकावलं आणि आतले चेहरे बघून परत गेलं.

"मोडलं ते मोडलं," ती शेवटी म्हणाली. "लाकूड आहे, चुकतं माणसाचं. पण मग तू हसलास का?"

मास्तरांनी टेबलावरचा टेप उचलला. तिनं थोडी वाट बघितली. मग काठी उचलली, ड्रेस शनिवारी नेईन म्हणाली आणि पाय जपत पायरी उतरून गेली.

त्या रविवारी मास्तरांनी पुन्हा सगळ्यांना बोलावलं. सुतारालाही. ताई आल्यावर, चहा व्हायच्या आत, ते डेकच्या मधोमध उभे राहिले आणि जे दुकानात सांगितलं होतं ते सगळ्यांसमोर सांगितलं. वजनाचा काही संबंध नव्हता, असं दोनदा म्हणाले. मध्ये कुठं थांबले नाहीत. धाकट्यानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. त्याच्या बायकोनं त्याच्याकडे बघितलं आणि त्यानं ते मिटलं. सुतार कठड्याला टेकून स्वतःच्या हातांकडे बघत राहिला.

ताई दारात उभी राहून ऐकत होती. ऐकून झाल्यावर तिनं मान हलवली, मागं वळून आतली खुर्ची दाराजवळ ओढली आणि उंबऱ्याच्या आत बसली. या खेपेला तिनं खुर्ची दाबून बघितली नाही.

"बाहेर ये ना," मास्तर म्हणाले. "आता पक्कं आहे ताई. दहा माणसं नाचली तरी हलणार नाही."

"माहीत आहे," ती म्हणाली. "मला इथंच बरं वाटतंय."

बायकोनं चहाचा ट्रे आणला. मास्तरांनी त्यातले दोन कप उचलले. बाहेर धाकटा उन्हाबद्दल काहीतरी बोलायला लागला होता. मास्तर उंबरा ओलांडून आत आले, एक कप ताईच्या हातात दिला आणि तिच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसले, डेककडे पाठ करून. तिनं त्यांना तिथून उठवलं नाही.