फळ्यावरची रिकामी चौकट

मित्रांनो, बदनापूरजवळच्या एका शाळेच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून उभा असलेला, एका कोपऱ्यात झिजलेला लाकडी फळा, तो मी. मला घडवले सुताराने; रंग मात्र मुलांनी दिला. बॅटरीच्या जुन्या सेलांतली काजळी भोपळ्याच्या पाल्यात खलून ती मला फासत आणि माझ्याहून अधिक स्वतःच काळी होत. ते माझे सणाचे दिवस.

मग निबंधांचे राज्य आले. पावसाळ्याचा निबंध माझ्यावर भर उन्हाळ्यात उतरे. बेडूक कोणत्या ओळीत ओरडणार, इंद्रधनुष्य कोणत्या परिच्छेदात उमटणार, सारे ठरलेले. पुढे आभाळ कोरडे गेले तरी वह्यांतले बेडूक वेळेवर ओरडत. न चाचपडता लिहिणे म्हणजेच विद्वत्ता, हा सिद्धान्त वर्षानुवर्षे माझ्याच छातीवर गिरवला गेला. फळ्याला नकार देता येत नाही, मित्रांनो.

अशात दीपमाला मॅडम आल्या. स्नेहसंमेलनासाठी सातवीतल्या तृप्तीने नाटक लिहायला घेतले. एकाच बकरीवर दोन घरे हक्क सांगतात आणि सरपंच निवाडा करतात. निवाडा काय, हे मात्र तिला सुचेना. मॅडमनी माझ्यावर खडूने चौकट आखली. "शेवट सापडला की इथं लिही."

मुख्याध्यापक मार्तंड सरांना रिकामी जागा म्हणजे कामचुकारपणा वाटे. ते म्हणाले, "शनिवारपर्यंत शेवट द्या. न्हाई तर नाटक रद्द, त्याजागी रेकॉर्ड डान्स!"

तृप्ती रडवेली झाली. रोज चौकटीत एक शेवट लिही आणि रोज पुसे.

"का गं, मातीत टोबलेली सरकीपण अशीच रोज उकरून बघतीस का?" मॅडमनी विचारले.

"बघते न, मॅडम! म्हणून तर आई मला वावरात येऊ देत न्हाई."

वर्ग खदखदून हसला, तृप्तीही हसली. तिने खडू खाली ठेवला. "मंग जेवढं लिहिलंय तेवढ्याचीच तालीम करू."

शनिवारी तालमीला सर स्वतःच शेवट लिहून घेऊन आले. सुवाच्य अक्षर, एकीच्या बळाचा उपदेश, कुठेही खाडाखोड नाही. सरपंच झालेला कल्याण तो वाचू लागला. बकरी झालेला प्रेम मघापासून हातापायांवर उभा राहून कंटाळला होता. त्याने मान वर केली, कागद दातांत धरला आणि टर्रकन फाडला.

"आरं, सोड! निवाडा खाऊन राह्यला ह्यो!" कल्याण ओरडला.

प्रेम कागद चघळत पळाला. दोन्ही घरची माणसे भांडण विसरून त्याच्यामागे धावली.

"सापडला!" तृप्तीने टुणकन उडी मारली. "मॅडम, ह्योच शेवट!"

सगळे सरांकडे पाहू लागले. सरांनी फाटका तुकडा न्याहाळला आणि पोट धरून हसले. "बराबर आहे. निवाडा पचला तर बकरीलाच पचंल. करा नाटक!"

संमेलनात नाटक झाले. त्या दिवशीचा हशा मला वर्गात ऐकू आला.

आता वर्गात माझ्या जागी डिजिटल पडदा उजळतो आणि मला व्हरांड्यात आणून ठेवले आहे. मी बाहेर असलो, तरी माझ्यावर कुणीतरी पुन्हा चौकट आखली आहे आणि तिच्यासमोर एक मुलगी खडूशी चाळा करत उभी आहे. मित्रांनो, जमल्यास मला रंग द्या. पण ही चौकट रिकामी दिसली म्हणून तयार शेवट घेऊन धावू नका. आणि धावलातच, तर तालमीला एक भुकेली बकरी जरूर ठेवा.