काचेच्या झाकणाखालचे दात

लॅबचे कुलूप रोज सकाळी सूनच उघडत असे. आत शिरल्यावर ती आधी दिवे लावी आणि मग भट्टीचे बटण दाबी, कारण चिनी मातीचे दात भाजण्याइतकी ती तापायला वेळ लागे. बादली भरेपर्यंत खिडकी उघडून होई आणि खिडकीवर भिंतीत बसवलेला, आतली हवा बाहेर फेकणारा पंखा घरघरू लागे. त्यानंतर ती आपल्या टेबलाशी येई. टेबलावर काचेचे एक झाकण उपडे घातलेले असे आणि त्याखाली आदल्या दिवशी अर्धवट राहिलेले दात: कुणाचे पुढचे दोन, कुणाची एखादी दाढ. कच्च्या दातावर धुळीचा कण बसला, तर भाजल्यावर तिथे ठिपका उमटतो आणि सगळी मेहनत पाण्यात जाते. म्हणून हे झाकण. ते उचलण्याआधी ती त्यावरचा पांढरट थर ओल्या फडक्याने पुसून घेई.

त्या सकाळीही तिने फडके पिळून हातात घेतले, पण पुसले मात्र नाही. काचेवर बोटाने एक रेघ ओढली आणि बोटाला लागलेल्या पिठासारख्या भुकटीकडे ती पाहत राहिली. इतकी वर्षे आपण दात तेवढे झाकत आलो, हे तिच्या आदल्या दिवशी दवाखान्यात ध्यानात आले होते.

छातीच्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या छातीचा एक्स-रे फोटो उजेडावर धरला होता. दोन्ही बाजूंना, वरच्या भागात, बारीक ठिपके दिसत होते.

"हे धुळीचं असू शकतं, दुसरंही काही असू शकतं. स्कॅन झाल्याशिवाय मी नक्की सांगणार नाही," बाई म्हणाल्या होत्या. "पण तोवर त्या खोलीत बसायचं नाही. तुमच्या साच्यांच्या मालात गारगोटीची पूड असते. ती फुप्फुसात रुतली की बाहेर येत नाही."

"पण धूळ माझ्या कामाची नाही. साचे फोडायचं, घासायचं काम सासरे करतात. मी नुसती शेजारी बसते."

"किती लांब?"

तिने अंतर दाखवायला दोन्ही हात पसरले आणि दाखवता दाखवताच ते मांडीवर घेतले.

घरी तिने कुणालाच काही सांगितले नव्हते. नवरा लॅबचे डबे घेऊन दिवसभर दंतवैद्यांचे उंबरे झिजवी. त्याच्या मते बायकोचा खोकला म्हणजे मुरलेली सर्दी होती. आणि सासऱ्यांना सांगायचे, तर ते कोणत्या तोंडाने? खिडकीजवळची ही जागा त्यांचीच होती. ती लग्न होऊन आली, तेव्हा नातेवाइकांनी 'सुनेला दुकानात कशाला बसवता' म्हणून नाके मुरडली होती. मामंजींनी आपले टेबल उचलून दाराकडे नेले आणि म्हणाले, "दाताचा रंग उजेडात कळतो. उजेडाची जागा तुझी." तेव्हापासून त्यांच्या टेबलावरून उडालेली धूळ पंख्याच्या ओढीने तिच्या चेहऱ्यावरून खिडकीकडे जात होती. त्यांनी दिलेल्या सगळ्यांत चांगल्या जागेचा हा अर्थ त्यांना समजावून सांगण्याची कल्पनाही तिला सोसवत नव्हती.

जिन्यावर चपला वाजल्या. मामंजी आले. त्यांनी डबा खुंटीला लावला, अंगरखा चढवला, कालचा थंड झालेला साचा पुढे ओढला आणि हातोडीने टक टक करत फोडायला घेतला. राखाडी ढग टेबलभर पसरला. साच्यातून निघालेला धातूचा सांगाडा म्हणजे एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या कवळीचा आधार होता आणि तो दुपारी जायचा होता. त्यांच्या टेबलाखाली धूळ ओढून घेणारे यंत्र होते. मुलाने मोठ्या हौसेने आणलेले ते सक्शन आता फक्त पाण्याची बाटली ठेवायच्या कामाला येत होते. ते चालू केले की मामंजींना ऐकू येत नसे, आणि मामंजी ऐकून घासत. घासायच्या फिरत्या चाकाखालचा धातू पातळ होत गेला की त्याचा आवाज चढतो. तो अमुक एका उंचीला पोचला की हात थांबवायचा. त्यांनी घासलेला सांगाडा जिभेलाही जाणवत नाही, असे दंतवैद्य म्हणत. सगळे त्यांना कानसेन म्हणून हाक मारीत आणि त्यांनाही ते मनातून आवडे.

सुनेने आपले टेबल दोन्ही हातांनी धरले आणि आतल्या खोलीकडे ओढायला सुरुवात केली.

हातोडी थांबली. "काय गं, जागा चावायला लागली का?"

"ऊन येतं डोळ्यांवर."

"सकाळचं ऊन? या खिडकीत? अजून माझे डोळे शाबूत आहेत, सूनबाई." ते हसले. "आत अंधार आहे. तिथं दात रंगवशील तर लोकांच्या तोंडात झेब्रे निघतील."

ती हसायला गेली आणि तिला खोकला आला. तो लवकर थांबेना. टेबलाची कड धरून ती वाकली. तेवढ्यात मामंजी बाटली घेऊन जवळ आले.

"काल दवाखान्यात गेली होतीस ना? काय म्हणाले?"

ती पाणी प्यायली, तिने बाटलीचे झाकण नीट लावले. मग खाली बघतच सांगितले, "छातीत धूळ असेल म्हणाल्या. माझ्या."

"तुझ्या? घासतो मी."

"तेच मीही म्हणाले त्यांना."

मामंजी तिच्याकडे आणि मग वर पंख्याकडे पाहू लागले. पंख्याच्या पात्यांवर पांढरी लव साचली होती. तिथून त्यांची नजर सावकाश दाराजवळच्या आपल्या टेबलापर्यंत आली.

"खात्रीनं सांगितलं?"

"नाही. स्कॅन काढायचंय. काही नसेलही." तिचा आवाज इतका बारीक झाला, की शेवटचे शब्द तिलाच नीट ऐकू आले नाहीत. "तोवर इथं बसू नका म्हणाल्या. तुमचाही फोटो काढून घ्या म्हणाल्या."

"माझं राहू दे." ते परत जाऊन बसले. मग खाली वाकून त्यांनी सक्शनचे बटण दाबले. यंत्र जोरात घुमू लागले. त्याच्या नळीचे तोंड त्यांनी सांगाड्याजवळ ओढले, चाक फिरवले आणि मान एका बाजूला कलती करून घासायला घेतले. सून जागची हलली नाही. त्यांची मान अधिकाधिक कलत गेली, कपाळावर आठ्या चढल्या, ओठ घट्ट मिटले. मध्येच ते थांबले आणि त्यांनी सांगाडा उजेडाकडे धरला. टाळूच्या भागातून, सुईच्या अग्राएवढ्या भोकातून, खिडकीतला उजेड आरपार आला.

मामंजींच्या हातून असे काही झालेले तिने आजवर पाहिले नव्हते.

त्यांचा हात खाली, बटणाकडे गेला. आता ते बंद करतील. आज बंद केले तर पुन्हा कधीच लावणार नाहीत, असे तिला वाटले. आपण बोललो नाही तर हा हात बटण दाबेल आणि बोललो तर या माणसाच्या हातातले सगळेच काढून घेतल्यासारखे होईल.

"मामंजी," ती म्हणाली, "ते बंद केलंत तर तुम्हाला ऐकू येईल, हे मला कळतं. पण मग मी पुन्हा इथं बसायची नाही. बरी झाले तरी नाही. आणि तुम्हीही बसू नये, असं मला वाटतं."

एवढे बोलणे तिच्याने त्या घरात कधी झाले नव्हते. मामंजींनी हात मागे घेतला. यंत्र घुमत राहिले.

त्यांनी फोन उचलून दंतवैद्यांना लावला. "डॉक्टर, तो सांगाडा आज नाही मिळायचा. भोक पडलं. नवा ओततो... नाही, नाही, मुलाचा काही दोष नाही, माझ्याच हातून गेला." पलीकडून काहीतरी थट्टा झाली असावी. "हो, कान म्हातारे झाले. चालायचंच."

फोन ठेवून त्यांनी खणाचा तळ चाचपला आणि एक जाडी मोजायचा गेज बाहेर काढला. नवशिक्यांचे खेळणे म्हणून ते त्याची चेष्टा करीत. सून काम शिकत असताना तिच्या हातात त्यांनीच तो दिला होता आणि काही महिन्यांतच काढूनही घेतला होता. अंगरख्याच्या टोकाने त्यांनी त्याची तबकडी पुसली. आकडे दिसावेत म्हणून चष्मा कपाळावरून नाकावर आणला.

"याचा काटा शून्यावर कसा आणायचा गं? विसरलो."

तिने काटा शून्यावर आणून दिला.

"आता घरी जा. स्कॅनचा निकाल लागेपर्यंत इकडे पाय ठेवायचा नाही. दात बाहेरून करून घेऊ, त्याला मी सांगतो." 'त्याला' म्हणजे मुलाला. "साचे कोरडे फोडायचे नाहीत, असंही म्हणाल्या असतील तुझ्या बाई."

"भिजवून फोडा म्हणाल्या. आणि झाडू नका, ओल्यानं पुसा. संध्याकाळी अंगरख्यावर हवा मारून धूळ उडवता, तेही नको."

"बरंच काय काय म्हणाल्या." त्यांनी दुसरा साचा उचलून तिच्या बादलीत सोडला. पाण्यावर बुडबुडे आले. "आणि माझ्या फोटोचं विचारून ठेव. कधी येऊ ते."

तिने भट्टी बंद केली, कुंचले धुऊन काचेच्या झाकणाखाली ठेवले. टेबल अर्ध्या वाटेतच राहिले होते. ते तिने तसेच सोडले. मामंजी मान वर न करता म्हणाले, "जिना सावकाश उतर."

ती पूर्ण खाली उतरली नाही. खालच्या वळणावर कठड्याला हात लावून ती उभी राहिली. एकटे असताना त्यांचा हात पुन्हा बटणाकडे गेला, तर ते इथेच कळणार होते. वर चाक सुरू झाले, काही वेळ चालले आणि थांबले. चाक थांबले होते, पण यंत्र घुमतच होते. त्या घरघरीत गेजच्या तबकडीवर काटा सरकायला लागावा इतका वेळ गेला. मग चाक पुन्हा फिरू लागले, आणि पुन्हा थांबले. यंत्र घुमतच राहिले.

आणखी एकदा तसेच होईपर्यंत ती थांबली. मग कठड्यावरचा हात काढून रस्त्यावर आली आणि स्कॅनची वेळ ठरवण्यासाठी दवाखान्याच्या दिशेने चालू लागली.